आत्यानं धुतलेली द्राक्षं

माझी धाकटी बहीण कृष्णाबाई. तिच्यासारखी द्राक्षं बंगळुरूकडच्या आख्ख्या नंदीच्या डोंगरात कुणाची नाहीत. हे भाऊ म्हणून नाही, टेम्पोवाला म्हणून सांगतो. तिथला सगळ्यांचा माल मीच वाहिलाय, आणि माझ्यासारखा घाट उतरणारा दुसरा दाखवा.

लग्न होऊन ती त्या डोंगराच्या उतारावरच्या मळ्यात गेली. शेजारी सगळे पाठीला औषधाचा पंप. ही शेणखत घालायची, लिंबोळीची पेंड घालायची, किडकी पानं हातानं खुडायची. लोक हसायचे. मी टेम्पो थांबवून म्हणायचो, "हसा की! खाऊन बघा, मग बोला."

वाईन ती आमच्या के. आर. पुरमच्या घरी करायची, चिनी मातीच्या बरण्यांत. वरून साखर नाही, यीस्ट नाही. द्राक्षं चुरायची आणि वाट बघायची. शहाण्णव साली एका चर्चच्या फादरनी नाताळच्या प्रार्थनेसाठी मागितली. तिचे सासरे भगवंतराव म्हणाले, "फादरनी घेतली तर मळा तुझा. नाही तर वेली उपटून नीलगिरीची झाडं लावणार." नर्सरीत रोपंसुद्धा सांगून ठेवली होती त्यांनी.

मी द्राक्षं घरी उतरवली. कृष्णाबाई मळ्यातच, तोडणी चालू होती. घरात आमची ठकुआत्या. आमच्याकडे लोणच्याची बरणी तिच्याशिवाय कुणी भरत नाही. पोरीला मदत म्हणून तिनं सगळी द्राक्षं हळद-मिठाच्या पाण्यात धुतली, मग साध्या पाण्यात खळखळून काढली, पंचावर पसरून पुसली. कैऱ्यांसारखी! चुरून बरण्यापण भरल्या.

कृष्णाबाई आली तेव्हा भरलेल्या बरण्या बघून खूश झाली. पण दिवस गेले तरी बरण्या गार. बुडबुडा नाही. कान लावून बघितलं तर आत आवाज नाही.

"आत्या, द्राक्षं धुतलीस काय गं?"

"मग? धुळीसकट देवाला देणार होतीस?"

"अगं, ती धूळ नव्हे. सालीवर पांढरं असतं ना, त्यानंच तर फसफसतं."

आत्या बरणीचं झाकण काढून आत बघायला लागली. "माझ्या हातानं बुडवलं गं तुला!"

"स्वल्प गप्प बस, आत्या. अण्णा, टेम्पो काढ."

मळ्याच्या वरच्या अंगाला एक ओळ ती पाखरांसाठी सोडते. त्यातले उरलेसुरले घड आम्ही आणले. पाण्याचा थेंब लागू न देता तिनं लहान बरणीत चुरले. तिसऱ्या दिवशी साली वर आल्या, फस्स फस्स आवाज! मग ती वाटी वाटी मोठ्या बरण्यांत घालायला लागली.

आत्या बघत होती. "म्हणजे हे विरजणच की गं!"

"सरी, बरोबर, विरजणच."

"मग आधी सांगायचं! विरजण मी लावलं नसतं?"

त्यानंतर आत्यानं बरण्यांना कुणाला हात लावू दिला नाही. मलासुद्धा.

वाईन झाल्यावर चर्चमध्ये नेली, फादरनी घोट घेतला. भगवंतराव दारापाशीच उभे. फादर म्हणाले, "पुढच्या वर्षीपण हीच द्या. कुणी केली?"

कृष्णाबाईनं आत्याला पुढं ढकललं. "हिनं."

मी सातवी शिकलेला माणूस, पण एवढं कळतं. दुसरी असती तर आत्याला जन्मभर ऐकवलं असतं. अशी बहीण दिली, त्या देवाचे पाय किती धरू?

परतताना भगवंतराव टेम्पोत माझ्याशेजारी बसले होते. घाट लागला. मग म्हणाले, "ती रोपं नको म्हणून सांगायला पाहिजे. वाटेत नर्सरीपाशी थांबव."