काकूंच्या उपाशी बाटल्या

काकू आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळायला आल्या आणि हळूहळू बाटल्या सांभाळू लागल्या. मी डिग्रीवाला. तरी काही अडलं की सर म्हणायचे, "काकूंना विचारा." माझं डोकंच फिरायचं. सरळ सांगतो, मी जळायचो त्यांच्यावर.

दोन किलोमीटर खोल खाणीतून आमच्याकडे दगडातलं पाणी यायचं. त्यातले जीवाणू ऊन नाही, अन्न नाही, नुसत्या दगडातून झिरपणाऱ्या हायड्रोजनवर कसेबसे तग धरतात. सर म्हणायचे, "दुसऱ्या ग्रहाच्या पोटातही पाणी सापडेल हो. जगण्यापुरती ऊर्जा आहे का, ते बोला."

त्या वर्षी सरांनी आम्हा दोघांना सहा-सहा बाटल्या दिल्या. ज्याचे जीवाणू वाढतील, तो सरांसोबत नव्या खाणीत उतरणार. अकरा वर्षं मी नुसती खाणीतून आलेली खोकी फोडत होतो. मला जायचंच होतं.

काकू महिन्यातून एकदा बुचातून सुई घालून इवलासा हायड्रोजन सोडायच्या आणि गप्प बसायच्या. पाच महिने कुठेच काही हललं नाही. माझा धीर सुटला. मी सगळी बुचं उघडली आणि साखरपाणी ओतलं. म्हटलं, खाऊ देत बिचारे पोटभर.

तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ! मी बाटली मुद्दाम काकूंच्या टेबलावर नेऊन आपटली.

"लवकरच वाढले हो भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

तपासणीचा कागद सरांनी माझ्या हातात दिला. खाणीतले जीवाणू बूच उघडल्यावर हवेतल्या ऑक्सिजननेच मेले होते. माजले होते ते माणसाच्या कातडीवरचे. म्हणजे माझ्याच हाताचे.

काकूंच्या एका बाटलीत चौदाव्या महिन्यात मोजणी दुप्पट झाली. थेंबात विसाचे चाळीस. सर अक्षरशः नाचले. मी तोंडदेखलं अभिनंदन केलं आणि विचारलं, "मग कधी निघताय?"

"मी कुठली जातेय? हे नऊ वर्षं अंथरुणावर आहेत. एक रात्र घर सोडता येत नाही. पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं होतं, काही झालं तरी भाऊंनाच न्या."

मी नवीन बूट घेतले, खाणीत उतरलो. लिफ्टचा पाळणा खाली जाईपर्यंत सर काकूंबद्दलच बोलत होते.