दरखास्त लिहिणारा हात

माझे यजमान भोकरदनच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांच्या दरखास्ती लिहीत. राज्य निजामाचं, कारभार उर्दूत, आणि खेड्यातल्या माणसाला उर्दूतलं एक अक्षर कळत नसे. बांधाचा तंटा असो की वारसाहक्क, माणूस आधी त्यांच्यासमोर येऊन बसायचा. कागदाला रेघा न आखता ते सरळ लिहीत.

ते पितात हे मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर तोंडातल्या लवंगेचं मला कौतुकच वाटायचं. सासूबाईंना ठाऊक होतं, पण घरात त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही असा जणू नियमच होता. सकाळी यजमान उठले की त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या ठरत नसे, अंगावर पाणी सांडायचं. कलालाच्या दारूच्या दुकानावर जाऊन आले की तोच हात कलम घेऊन सरळ चालायचा. म्हणजे आमचं पोट त्या दारूवरच चालत होतं, असं म्हटलं तरी खोटं नाही.

एकदा दुपारी एक विधवा बाई आमच्या अंगणात येऊन बसली. दिराने तिचं शेत दाबलं होतं. यजमानांनी तिची दरखास्त लिहिली होती, पण पिण्याच्या तंद्रीत तीत सर्वे नंबर दुसऱ्याच शेताचा पडला होता. दरखास्त खारीज झाली. ती भांडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "दादा, तुम्हाला तर लिहिता येतं. मला येत असतं तर मी बराबर लिहिलं असतं."

ती गेल्यावर ते ओसरीवरून उठले. मग आत आले. मी तांदूळ निवडत होते.

"मला सोडायची हाय," ते म्हणाले. "एकट्यानं होणार न्हाई. तू संगं राह्यशील का?"

मी म्हटलं, "राह्यल न."

त्या वेळी मला वाटलं, एवढंच तर आहे. संगं राहायचं.

चतुर्थीला आम्ही बैलगाडीने राजूरला गेलो. गणपतीपुढे उभं राहून त्यांनी शपथ घेतली की यापुढे थेंबालाही शिवणार नाही. परत येताना गाडीत ते चक्क गप्पा मारत होते. लग्नानंतर त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी घाम आणि थरथर सुरू झाली. खाल्लेलं पोटात ठरेना. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. वारलेल्या वडिलांशी बोलायला लागले. मग एकदम डोळे फिरले आणि अंग आकडीने ताठ झालं. मी त्यांच्या दातांत पदराचा बोळा धरून बसले. सासूबाईंनी हकीमसाहेबांना बोलावणं पाठवलं.

हकीमसाहेबांनी नाडी पाहिली आणि मलाच विचारलं, "बेटी, एकदम तोडली का?"

मी शपथेचं सांगितलं.

"इतक्या वर्षांची सवय अशी तोडत नसतात. जल्दी थोडी पाजा, न्हाई तर हातचे जातील. मंग रोज थोडी थोडी कमी करा."

सासूबाई देव्हाऱ्याकडे बघत म्हणाल्या, "देवाची शपथ मोडायची व्हय?" पण मुलाकडे बघून त्या बाजूला झाल्या. घरात दुसरा पुरुष नव्हता. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला, तांब्या घेतला आणि भर दुपारी कलालाच्या दुकानावर गेले. तिथले पुरुष बोलायचे थांबले. एक जण तर उठून तोंड फिरवून उभा राहिला. कलाल म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला आल्या? सांगावा धाडायचा." मला त्याच्या मायाळूपणाचीच जास्त लाज वाटली.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने दारू पाजली. अंग सैल पडलं. संध्याकाळी शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोणी पाजली?"

"मी."

ते भिंतीकडे वळले. "मंग आता काय राह्यलं," असं म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर माप माझ्या हाती आलं. रोज वाटीने मोजून द्यायची आणि दर चार दिवसांनी थोडी कमी करायची. ते वाटीकडे बघत बसायचे, मी त्यांच्याकडे. कधी हात जोडायचे, कधी मला वाटेल ते बोलायचे. मी घरची बाई राहिले नव्हते, पहारेकरी झाले होते. तरी दोन महिन्यांनी वाटी बंद झाली. हात मात्र कापायचाच. तेव्हा ते दरखास्ती घरी आणून लिहीत आणि मी शेजारी बसून त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरी. अक्षरं मला कळत नव्हती. हात कुठे वळणार ते मात्र हळूहळू कळायला लागलं.

त्या विधवेची दरखास्त आम्ही अशीच नव्याने लिहिली. सर्वे नंबर त्यांनी तीनदा ताडून पाहिला. कागद देताना त्यांनी तिच्याकडून काही घेतलं नाही.

महिन्याभराने निकाल लागला. मुदत टळली म्हणून ती दरखास्तही खारीज झाली. कागदात चूक नव्हती, उशीर तेवढा झाला होता. त्या दिवशी ते कचेरीतून सरळ घरी आले नाहीत. रात्री कलालाच्या दुकानावरून शेजारच्या दोघांनी त्यांना धरून आणून ओसरीवर झोपवलं. मी त्यांचं तोंड पुसलं, पांघरूण घातलं. रडू आलं नाही. माझ्या आतून काहीतरी निघून गेलं होतं, आणि मला ते तेव्हाच समजलं.

पुढे ते उघडच प्यायला लागले. लवंगही सुटली. लिहिणं कमी होत होत बंद पडलं. मी लोकांच्या घरी पापड-कुरडया करायला जाऊ लागले.

वर्षाने एकदा मी भाकरी थापत असताना ते चुलीपाशी येऊन बसले. त्या दिवशी प्यायलेले नव्हते. म्हणाले, "अजून एकदा बघू का? तू असली तर हुईल."

मला त्या मुंग्या आठवल्या, ती वाटी आठवली. परातीतून हात न काढता मी म्हटलं, "आता माझ्यानं न्हाई होत. तुमचं तुम्ही बघा."

"बरं," ते म्हणाले. रागावले नाहीत. उठून ओसरीवर गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी ते गेले. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, बाई, तुझ्यासारखी साथ कोणी दिली नसती. मी मान हलवायचे. चुलीपाशी काय बोलणं झालं ते मी कोणालाच सांगितलं नाही, सासूबाईंनाही नाही. त्या वेळी हो म्हटलं असतं तर ते सुटले असते असं मला वाटत नाही. पण ते एकटे तरी गेले नसते.