चिंचेची जागा

मायच्या गावाचा एकही फोटो नव्हता. तापीवर उकाईचं धरण झालं आणि पाणी फुगत फुगत आमच्या गावापर्यंत आलं, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. लोकांनी बैलगाड्यांत भांडी घातली, चौकटी उचकटून घेतल्या, पाटे-वरवंटे घेतले. फोटो कोण काढणार? पुढे सुरतेत, उधन्याच्या आमच्या खोलीत जेवता जेवता माय मध्येच म्हणायची, "आते घाटवर सावली उनी व्हई." आता घाटावर सावली आली असेल; जणू गाव तिथंच आहे आणि आम्ही चार दिवस बाहेर आलोय.

ते गाव तिच्यासाठी तैलरंगात करायचं मी ठरवलं. सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट.

मी एका साडी मिलच्या डिझाइन खात्यात होतो. दिवसभर पोस्टर कलरने फुलं, वेली, कोयऱ्या. खरं सांगायचं तर त्यातलं माझं थोडंच. बाजारात दुसऱ्या कुणाची साडी चालली की शेठ ती माझ्या टेबलावर टाकायचे. "थोडुं फेरवी नाख, भाई." मी पाकळी वाढवायचो, वेल उलटी वळवायचो, संध्याकाळपर्यंत नवीन डिझाइन तयार. सगळं सुरत हेच करत होतं, म्हणून मलाही त्यात काही वाटत नव्हतं.

शेजारच्या टेबलावर दादा बसायचे. नाशिककडचे, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, आणि तैलरंग येणारे आमच्यात ते एकटेच. मी मांजरपाट ताणून, सरस लावून, पांढरा हात देऊन कॅनव्हास केला तेव्हा ते रविवारी मुद्दाम बघायला आले. बोटाने टिचकी मारून म्हणाले, "ढोलकीसारखा वाजतोय. आता घाई करू नकोस. आधी पातळ, मग तेलकट. उलटं केलंस तर वरचा थर तडकेल."

तेव्हापासून दर रविवारी ते यायचे. मी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या मातकट रंगाने सगळा कॅनव्हास पुसून घेतला आणि त्यावर गाव मांडायला लागलो. आधी नदीचं वळण, मग घाट, मग घरांचे नुसते अंधारे चौकोन. माझ्या आठवणीत रंग होते पण अंतरं नव्हती. घाटापासून घर किती लांब? लहान मुलाच्या पायांनी मोजलेलं सगळंच लांब असतं. मग मायला विचारायचो. ती भाजी निवडता निवडता मान वर करून सांगायची, "नदी इतली पांढरी नही व्हती," किंवा "तो ओटा आखो मोठा कर, पाच बाया बसेत तठे." मी पुसायचो, पुन्हा लावायचो. एक थर वाळायला सुरतेच्या दमट हवेत आठवडा लागायचा. खोलीभर जवसाच्या तेलाचा वास. बायको नाक दाबून म्हणायची, "गाव बुडालं ते बरं झालं, नाहीतर वासाने गेलं असतं." मायसुद्धा हसायची.

दादा खाटेवर बसून मांडीवर बटर पेपर घेऊन काहीतरी रेखाटत असायचे. "हात चालता ठेवतो," म्हणायचे. माझ्यासारख्याचं काम बघून दादांना काढावंसं वाटतं, याचं मला कौतुक होतं.

नदीच्या वळणावर मी एक चिंच काढली होती. मोठी, एका बाजूला झुकलेली. ती मला पक्की आठवत होती, कारण तिच्याखाली खेळायला माय कधी जाऊ द्यायची नाही. दोन रविवार झाड तिथं राहिलं. तिसऱ्या रविवारी, दादा गेल्यावर, माय कॅनव्हाससमोर येऊन उभी राहिली. "हाई झाड पुसी टाक. आठे झाड नव्हतं."

"होतं की, माय. तू मला तिकडे जाऊ द्यायची नाहीस."

"नव्हतं, सांगस ना तुले."

मी पॅलेट नाइफने चिंच खरवडली आणि वरून उतार रंगवून टाकला. म्हटलं, तिचं गाव, तिला ठाऊक. पण माझी खात्री गेली. झाड चुकीचं आठवत असेल तर बाकीचं तरी कशावरून खरं?

दोन-तीन महिन्यांनी आमच्या चाळीच्या नळावर शेजारीण हंडा घेऊन उभी होती. तिच्या पदरावर माझं गाव होतं. घाट, ओटा, नदीचं वळण आणि वळणावर झुकलेली चिंच. काठावर तर चिंचच चिंच, ओळीने. जे झाड दोन-तीन आठवडेच कॅनव्हासवर होतं आणि आमच्या खोलीबाहेर कुणी पाहिलं नव्हतं, ते.

"कसली साडी आहे वहिनी?"

"हलकी आहे हो, रोजच्याला. सगळ्या बायकांनी घेतल्यात. तुमच्या मंडळींना पण घ्या."

घेतली. सोमवारी ती दादांच्या टेबलावर पसरली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि कापड उजेडात धरलं. "मी डिझाइन दिलं त्या पलसाण्याच्या पार्टीने छापकाम हलकं केलंय. हिरवा बघ कसा बाहेर सांडलाय."

"दादा, हे माझं गाव आहे."

"गाव धरणात गेलं ना रे? मग तुझं कुठे राहिलं?" ते हसले. मग माझा चेहरा बघून थोडे नरमले. "रागावू नकोस. मुलीचं लग्न काढलंय मी. आणि हे तू कुणाला विचारलंस?" त्यांनी माझ्या टेबलाकडे बोट केलं. तिथं शनिवारी अर्धी उतरवलेली दुसऱ्या मिलची साडी टाचण्यांनी लावलेली होती.

चहा आला. आम्ही दोघांनी घेतला.

घरी मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दादांवरचा राग मी घरी नेला. साडी मायच्या मांडीवर टाकली. "बघ, बघ तुझं गाव! पदरावर छापून विकलं त्या माणसाने."

माय किती तरी वेळ काठावरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, नजर मंद झाली म्हणून चाचपते आहे. मग म्हणाली, "झाड व्हतं. आठेच व्हतं. मी तुले खोटं सांगं."

माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती. तान्ही असतानाच गेली. तान्ह्या लेकरांना जाळत नाहीत. तिला त्या चिंचेखाली पुरलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं.

"गाव बुडनं तव्हय ती एकलीच मांगे ऱ्हायनी," माय म्हणाली. "भितवर रोज कसं दखू तिले?"

आणि मी तेच झाड, काठभर छापलेलं, तिच्या मांडीवर टाकलं होतं. बाहेर नळावर बायका तेच नेसून भांडत होत्या. दादांनी मला फसवलं, हे खरं. मायनेही इतकी वर्षं माझ्यापासून एक माणूस लपवलं, तेही मला लागलं. पण तिच्या मांडीवर साडी नेऊन टाकणारा मीच.

चार दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "आते काढ ते झाड. लोकेसना पदरवर शे, मंग आपला घरमा काबर नही?"

रविवारी मी उताराचा रंग खरवडला आणि चिंच काढायला बसलो. पण ब्रश टेकवला की साडीतली चिंच उतरायची. तीच सारखी पानं, तोच गुळगुळीत बुंधा, दादांनी छपाईसाठी सोपा केलेला. डोळे मिटून पाहिलं, तरी पदरावरचंच झाड दिसायचं. माझं, लहानपणी लांबून पाहिलेलं, भीतीचं झाड निघून गेलं होतं. मी काढलं, पुसलं. काढलं, पुसलं. शेवटी त्या जागी खालचा मातकट थर उघडा पडला आणि मी ब्रश खाली ठेवला.

"होत नाही, माय."

ती जवळ आली. नदीच्या वळणावरच्या त्या उघड्या डागाकडे तिने बघितलं.

"ऱ्हाऊ दे. जागा दिखस. बस."

ते चित्र तसंच भिंतीवर लागलं. माय होती तोवर तिची खाट त्यासमोरच असायची. कुणी पाहुणा विचारायचा, इथं रंग उडाला का हो? मी म्हणायचो, हो, सुरतेची हवा. ब्रश खाली ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी टेबलावरची ती दुसऱ्या मिलची अर्धी राहिलेली साडी पुरी केली. वेल उलटी वळवली.