सरळ बसलेला हुक

कोणतीही गाडी आली की मिस्त्री आधी ती न्यूट्रलमध्ये टाकून हातानं ढकलून पाहत. "इंजनाचं मागून बगू. आदी चाकं काय म्हंत्यात ते आयकू." आमच्या जिंतुरात रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे हुक बसवत. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्या हातावर गावाचा भरवसा असतो आणि ज्याची आठवण फक्त अडल्यावर येते.

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी हौसेनं जुन्या मिनीबसची घरगाडी करून घेतली. आत पलंग, गॅस, सगळं. पण ती गल्लीबोळात शिरेना. मागे एक छोटी मोटार ओढत न्यायची, मुक्कामाला पोचलं की तिच्यातून हिंडायचं, असा बेत ठरला. चारठाण्याच्या एकाची जुनी गियरची मोटार मिस्त्रींनी माझ्यासाठी हेरून ठेवली होती. मी मात्र माझी नवीकोरी ऑटोमॅटिक पुढे केली.

"गुरुजी, हिला चाकावर ओढू नका. इंजन बंद आसल्यावर गियरला तेल कोण पाजंल? हीच न्यायची तर ट्रॉलीवर चढवा."

"नवी गाडी ट्रॉलीवर? बंद पडल्यासारखी दिसेल! तुम्ही हुक लावा, पुढचं मी बघतो."

"लावतो. पर माझं आयकलं आसतं तर लय बरं झालं आसतं."

जालना यायच्या आतच मोटारीखालून जळका वास आला. गियर कामातून गेला. परत आणली ती ट्रॉलीवरच.

स्टँडवरच्या हॉटेलात सगळ्यांनी विचारलं. खरं बोला म्हणून जन्मभर पोरांना छड्या मारणारा मी, म्हणालो, "मिस्त्रीनं हुक वाकडा बसवला." का म्हणालो? हसं होईल म्हणून. एवढंच.

आठ दिवसांनी मिस्त्री घरी आले. बसमागे उकिडवे बसून त्यांनी दोरी लावून हुक तपासला.

"गुरुजी, हुक तर सरळ हाय."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, "असेल."

"मग स्टँडवर तेवढं सांगा. लोकं ट्रॉल्या दुसरीकडं न्यायलेत."

मी हो म्हणालो. स्टँडवर गेलोही. चहा पिऊन परत आलो.

त्या हंगामात शेडसमोर ट्रॉली दिसली नाही. मग कुलूप लागलं. ते पोखर्णीला लेकीकडे गेले, आणि तिथंच वारले, हेही मला त्याच हॉटेलात कळलं. "हात लय चांगला होता," कुणीतरी म्हणालं, "गुरुजींच्याच कामात चुकला बिचारा." माझी मान खाली गेली. लोकांना वाटलं, मला दुःख झालंय.

शेवटी चारठाण्याची ती मोटार मी घेतली. बांधण्याआधी हातानं ढकलून पाहतो. हुक तोच आहे, तसूभर हललेला नाही. लांबच्या मुक्कामी लोक वाकून पाहतात, कुणी बसवला म्हणून विचारतात. मी मिस्त्रींचं नाव सांगतो, गाव सांगतो, तोंड भरून सांगतो.

जिंतुरात मात्र अजून सांगितलेलं नाही.