दादाचा काटा

तेलकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण शर्यतीच्या ट्रॅकवर दुसऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. गाडी कोणाचीही असो, हा मेकॅनिक आधी तेलाचं विचारणार. "पाणी लगेच तापतं. तेल उशिरा तापतं आणि उशिराच निवतं. ते गरम व्हायच्या आत पळवलीत तर इंजिन झिजेल, आणि फार तापल्यावर पळवलीत तर इंजिन तुमचा जीव घेईल!" शेवटची फेरी सावकाश मारून तेल निववल्याशिवाय कोणी गाडी बंद केली, की काकांचा पारा तेलाच्याही वर. लोक हसायचे. हसोत बापडे! दुधाने तोंड पोळलेला माणूस तो.

त्यांचा थोरला भाऊ, दादा, याच ट्रॅकवर गेला. तेल किती तापलंय ते दाखवणारा काटा लाल पट्ट्यात, काका कठड्यावरून 'आत ये' म्हणून फलक हलवतायत, आणि दादाने खिडकीतून बोट वर केलं: अजून एक फेरी. लांब वळणावर इंजिन जाम झालं, चाकं अडकली आणि गाडी भिंतीवर. सगळ्याचा चुराडा झाला, पण तेलाच्या काट्याच्या काचेवर साधा चरा नाही.

दादाची मुलगी मोठी होऊन शर्यतीत उतरली, तेव्हा तिने हट्टाने तोच काटा आपल्या गाडीत बसवून घेतला. वहिनींची एकच अट होती. "भावजी, काटा चढला की माझी पोर आत आली पाहिजे. बाकी मला काही कळत नाही." काकांनी शब्द दिला.

पण काट्याने पहिल्याच दिवसापासून छळ मांडला. लांब वळण आलं की सरसर लाल पट्ट्यात, वळण संपलं की मुकाट खाली. गाडी आत आणून काका थर्मामीटरने तेल तपासत, तर तेल अगदी ठाकठीक. "वायर कुठेतरी पत्र्याला लागत असणार," असं ते स्वतःलाच समजावत.

शर्यतीच्या दिवशी त्यांनी ती वायरच दोन्ही टोकांनी काढून खिशात घातली. पोरगी उगाच बिचकायला नको, नवा काटा नंतर बसवू, तेल तर आत्ताच पाहिलंय. तिला सांगितलंही नाही. जन्मभर लोकांना तेलावरून झोडपणारा हा माणूस, आणि घरच्या पोरीला आंधळी करून पाठवली! आता याला काय म्हणावं?

शर्यत रंगात आली आणि रेडिओवर तिचा आवाज आला. "काका, काटा चढलाय."

काकांचा हात खिशात गेला. वायर तिथेच होती.

"लांब वळणावरच ना?"

"नाही, वळण संपलं तरी उतरत नाहीये. नुसता थरथरतोय. पण पाण्याचा काटा नीट आहे, आणि पुढची गाडी हाताशी आलीय. अजून एक फेरी मारू?"

भर उन्हात काकांना हुडहुडी भरली. काटा बंद आहे, खुशाल पळव, असं म्हटलं असतं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. ते शब्द ओठांवर आलेही.

"आत ये."

"काका, पण..."

"वहिनींना परत जाऊन मी काय सांगू गं? गप आत ये!"

ती रागारागाने आत आली. काका गाडीखाली वाकले, तर तेल थंड करणाऱ्या जाळीचा पाइप फाटलेला, आणि खालचा पत्रा तेलाने माखलेला. पुढच्या फेरीला इंजिन कोरडं पडलं असतं.

"बघितलंत? बाबांचा काटा खोटं बोलत नाही," हेल्मेट काढत पोरगी म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

इंजिन बंद होतं, चावी काढलेली होती, तरी काटा लाल पट्ट्यातच थरथरत उभा होता. काका खिडकीतून आत वाकले.

"दादा, पोरगी आत आली रे. आता तू पण ये."

काटा सावकाश, अगदी सावकाश खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी पाइप बदलून काकांनी वायर परत जोडली. इंजिन तापवलं, गाडी ट्रॅकवर पळवली, लांब वळणही घेतलं. काटा जागचा हलला नाही.

"बिघडला वाटतं," पोरगी म्हणाली. "नवा बसवू या."

काकांनी मान डोलावली, आणि तोंड फिरवून, भाऊ आजच गेल्यासारखे ढसाढसा रडले.