शेठला द्यायचं औषध

चांगुणा लग्न होऊन अंबरनाथच्या वस्तीत आली आणि नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यात लागली. जाड कापडाला खिसे लावण्यात तिचा हात असा बसला, की शेठ गोपालदाससुद्धा तिला 'चांगुणाबाई' म्हणायचा. स्वभावानं बोलकी, हसरी. पण एका उन्हाळ्यात तिला दुखण्यानं गाठलं. लघवीला आग, ओटीपोटात कळा, वर ताप. औषध घेतलं की बरं वाटायचं, महिन्याभरात पुन्हा तेच. परत दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टर कुंदाताई वैतागल्या.

"पाणी भरपूर पी म्हटलं होतं ना? त्याचं काय झालं?"

"प्यायलं तर जायचं कुठं, बाई? कारखान्यात संडास एकच, तो बाप्यांचा. त्याला आतून कडी नाही. घरी जाईस्तोवर आम्ही कळ काढतो."

"आम्ही म्हणजे?"

"सगळ्याच. वेणूबाईला, द्रौपदीला हेच दुखणं हाये."

कुंदाताईंनी पेन खाली ठेवलं. जीन्सच्या कारखान्यांतल्या कितीतरी बाया हीच तक्रार घेऊन येत होत्या, आणि कुंदाताई प्रत्येकीला पाणी प्यायला सांगत होत्या. "मग औषध तुला देऊन काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "ते तुझ्या शेठला द्यायला हवं!"

चांगुणानं ते मनावरच घेतलं. घरी नवरा, भगवान, घाबरला. "शेठशी भांडू नको. कामावरून काढंल."

"भांडतंय कोण? पाणी पिणार हाये मी."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या बायांना तांब्या-तांब्या पाणी पाजलं. शेठचं घर कारखान्याच्या वरच होतं. दुपार झाली तशी चांगुणा जिना चढली. शेठची बायको लाजवंती हिनं दार उघडलं.

"भाभी, जरा बाथरूम जाना था."

ती उतरते न उतरते तोच वेणूबाई. मग द्रौपदी. मागं जिन्यात रांगच लागली.

"आज सबको हुआ क्या है?" लाजवंतीनं कपाळाला हात लावला.

"कुछ नहीं, भाभी. आज सबने पानी पिया," चांगुणा म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं.

लाजवंतीनं दार सताड उघडलं. तिचं लहानपण कॅम्पातल्या, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या बराकीत गेलं होतं. "मेरी माँ भी अंधेरा होने तक रुकती थी," ती हळूच म्हणाली. मग जिन्याच्या तोंडाशी येऊन तिनं खाली नवऱ्याला सिंधीत जे सुनावायला सुरुवात केली, त्यातलं अक्षर कुणाला कळलं नाही. पण शेठचा चेहरा मात्र सगळ्यांना कळला.

"अरे, लेकिन जगह किधर है?" शेठ कसाबसा म्हणाला.

"चिंध्यांच्या खोलीत!" कापडाचे उरलेले तुकडे टाकायच्या खोलीकडे बोट दाखवत सगळ्या बाया एका सुरात ओरडल्या आणि जागेवर परतून मशिनींवर डोकं टेकून हसत सुटल्या.

पावसाळ्याआधी चिंध्या माळ्यावर गेल्या आणि खोलीत बायांचा संडास झाला, आतून भक्कम कडीचा. तोवर वरचं दार लाजवंतीनं उघडंच ठेवलं. दुखणी हळूहळू ओसरली. शेजारच्या कारखान्यांतल्या बाया बघायला येऊ लागल्या, तसे तिथले शेठ गोपालदासवर चिडले. "तूने सबको बिगाड दिया!" पण त्यांतल्या दोघांनी पुढं मुकाट्यानं गवंडी बोलावले.

वस्तीतल्या सार्वजनिक संडासांना दारं आणि दिवे मिळावेत म्हणून पुढं चांगुणा बायांना घेऊन नगरपालिकेवर गेली, तेव्हा कुंदाताई दवाखाना बंद करून त्यांच्याबरोबर भर उन्हात चालल्या.