पुण्यात उजाडेपर्यंत

स्वतःच्या हाताने बिअर बनवायची आणि ती स्वतःच्याच घशाखाली उतरू नये म्हणून पंचांग उघडून बसायचं, असा माझ्या साडूंसारखा माणूस उभ्या न्यूझीलंडमध्ये दुसरा नसेल. माझी थोरली मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, या उद्योगाला ‘हातभट्टी’ म्हणते. त्याचा साडूंना मनापासून राग येतो. ते हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांची औषधं मोजत आले, आणि चेहरा मात्र असा की सगळे कडू डोस यांनीच घेतले असावेत. लोअर हटमधल्या त्यांच्या घरात वर्षाचे आठ महिने भिंतींना ओल असते आणि उरलेले चार महिने ओल परत कधी येणार याची चिंता असते. अशा घरात, अशा माणसाने, हलक्या सोनेरी रंगाची, संत्र्याच्या सालीसारखा वास येणारी ‘अमेरिकन पेल एल’ बनवावी, हे मला बरेच दिवस खरं वाटलं नव्हतं.

बिअर बनवायच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊ नये. मी एकदा गेलो आणि दोन तास स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिलो. बाटल्या, नळ्या, झाकणं सगळं जंतुनाशकात बुडवून झालं की साडू दोन्ही हात हवेत धरून फिरतात, दार कोपराने उघडतात आणि जवळ येईल त्याला ‘शिवू नकोस’ म्हणतात. एवढं सोवळं त्यांनी गणपतीच्या नैवेद्यालाही पाळलं नाही, असं मेहुणीचं म्हणणं. फ्रीजरमध्ये मटार आणि खवलेला नारळ यांच्या मधोमध हॉप्सची पाकिटं असतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, पण दुकानात ती दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. गोळ्या म्हटल्यावर साडूंचे हात आपोआप तराजूकडे जातात. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजून ते त्या टाकतात, आणि तरी रात्रभर तळमळतात की दोन जास्त पडल्या. मग तेवीस लिटरचा तो ड्रम गोधडीत गुंडाळून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी, आंबायला ठेवला जातो. समोर स्टूल टाकून साडू घड्याळ लावून बुडबुडे मोजतात, जणू पेशंटची नाडी बघताहेत. त्यांची लेक एकदा शाळेतून येऊन म्हणाली होती, ‘बाबा, माय युनिफॉर्म स्मेल्स लाइक अ पब.’ साडूंनी तिला तिथेच विचारलं, नेमका कसला वास, संत्र्याचा की पाइनचा.

हे वेड त्यांना लावलं कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याने. तो रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला एकटा माणूस, मुलगी दूर टौरंगाला. चार दशकं घरी बिअर बनवत आलेला. साडूंच्या आई गेल्या तेव्हा विमानं बंद होती, देशाच्या सीमा बंद होत्या. साडूंनी आईचं शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर घेतलं, आणि मग मागच्या परसात जाऊन नुसते उभे राहिले. दक्षिणेकडून बोचरं वारं सुटलं होतं. म्हाताऱ्याने कुंपणावरून एक बाटली पुढे केली. तोवर साडूंनी कधी थेंबाला हात लावला नव्हता, पण त्या दिवशी त्यांनी ती घेतली, आणि अर्ध्या बाटलीनंतर विचारलं, हा वास कसला. तिथून शिकवणी सुरू झाली. साडू त्याला ‘गुरुजी’ म्हणत. त्याला वाटे हे आपल्या नावाचंच काहीतरी भारतीय रूप असेल, आणि तो खुशाल ओ देई. शिकवताना त्याचा एकच कडक नियम होता: ज्याने बनवली त्याने पहिला घोट घ्यायचा. त्याआधी दुसऱ्या कुणी ग्लास तोंडाला लावायचा नाही. बिघडली असेल तर ते बनवणाऱ्याला आधी कळलं पाहिजे.

दुसरा नियम साडूंच्या आईचा. पुण्याहून निघताना त्या दारात म्हणाल्या होत्या, ‘तिकडे काय खातोस-पितोस ते बघायला मी येणार नाही. पण श्रावण तेवढा पाळ.’ साडूंनी बाकी सगळं सोडलं. जानवं सुटलं, एकादशी सुटली, गुरुवारही सुटला, पण श्रावण नाही. आई गेल्यावर तर तो जास्तच घट्ट झाला, कारण आईसाठी करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं. त्यात त्यांचा फार्मासिस्टी स्वभाव. इथे न्यूझीलंडमध्ये सूर्य पुण्याच्या जवळजवळ सहा तास आधी उगवतो. मग श्रावण कुठला धरायचा, इथला की तिथला? साडूंनी सुरक्षित तोडगा काढला. सुरुवात इथल्या सूर्योदयाला, शेवट पुण्याच्या सूर्योदयाला. पृथ्वीवरचा सर्वांत लांब श्रावण आमच्या साडूंचा, असं मी चारचौघांत सांगत असे आणि लोक पोट धरून हसत. साडू तेवढ्याच गंभीरपणे म्हणत, ‘वचन पुण्यात दिलंय.’

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, म्हाताऱ्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली, मग आठवड्यांची. त्याने साडूंना एवढंच सांगितलं की शेवटची पेल एल मला तुझ्या हातची पाहिजे, माझी फार झाली. साडूंनी त्या ड्रमला जेवढं जपलं तेवढं कुणी बाळंतिणीलाही जपत नसेल. पण थंडी अशी पडली की गोधडीतही बुडबुडे मंदावले. आठवड्यात होणारं काम अडीच आठवड्यांवर गेलं. बाटल्या भरून त्यात फेस धरेपर्यंत गटारी अमावास्या होऊन पाच दिवस उलटले होते. या बिअरचं दुखणं असं की तिचा सगळा जीव वासात, आणि तो वास फार दिवस टिकत नाही. साडूंना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ते हॉस्पिसमध्ये, म्हणजे म्हाताऱ्याला शेवटच्या दिवसांसाठी ठेवलं होतं त्या शुश्रूषागृहात, जाऊन त्याला म्हणाले की मला महिनाभर थांबावं लागेल, तू घे. तो म्हणाला, बनवणाऱ्याने पहिला घोट घेतल्याशिवाय मी घेत नाही. मग दोघं बराच वेळ क्रिकेटबद्दल बोलत बसले.

त्यानंतर साडू रोज संध्याकाळी त्याच्याकडे जात. आठवडाभराने मेहुणीने न राहवून त्यांना सांगितलं, आई असत्या तर त्यांनीच तुमच्या हातात ग्लास दिला असता. साडू म्हणाले, ‘असत्या तर विचारलं असतं.’

श्रावण संपला त्या दिवशी सकाळी नऊला साडूंचा मला फोन आला. हॉस्पिसमधून नर्सने कळवलं होतं की आज तो छान जागा आहे, बिअरचं विचारतोय, लवकर या. मला बरोबर न्यायचं कारण, एक घोट घेतल्यावरही साडू गाडीला हात लावत नाहीत. बर्फाच्या पिशवीत चार बाटल्या आणि टॉवेलात गुंडाळलेले दोन ग्लास घेऊन आम्ही अकराला पोचलो. म्हातारा उशांना टेकून बसला होता. अंगावर काही उरलं नव्हतं, पण डोळे तेज होते. पिशवी बघून त्याने ओतायची खूण केली.

साडूंनी घड्याळाकडे बघितलं. पुण्याचा सूर्योदय इथल्या एक वाजायच्या थोडा आधी होता. इथल्या हिशोबाने तर सकाळीच भाद्रपद लागला होता. ते म्हणाले, ‘गुरुजी, अजून दोन तास.’

म्हातारा हसला. ‘रूल्स आर रूल्स, मेट,’ तो म्हणाला, आणि साडूंच्या हातावर हात ठेवून पडून राहिला.

मी खिडकीशी बसलो होतो. त्यांच्या पंचांगाची इतकी वर्षं टिंगल केलेला मी, त्या दिवशी मात्र दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. दोघं बोलत होते, थोडं थोडं. हॉप्स कधी घातले, किती घातले, थंडीत यीस्ट कसं झोपून गेलं. बाराच्या सुमाराला बोलणं थांबलं. म्हाताऱ्याने डोळे मिटले, आम्हाला वाटलं डुलकी लागली. साडेबाराला नर्स औषध द्यायला आली, त्याच्यावर वाकली, आणि मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाली की तो गेला.

साडू पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. एक वाजला, दीड वाजला. त्यांनी बाटली बाहेर काढली नाही. नर्सने मुलीला टौरंगाला फोन केला. आम्ही त्याचा चष्मा आणि पुस्तक टेबलावर नीट ठेवलं आणि निघालो.

गाडी नदीच्या पुलावर आली तेव्हा साडू पहिल्यांदा बोलले. समोर बघत, एखाद्या औषधाचा डोस चुकल्याचं कबूल करावं तशा आवाजात.

‘आई म्हणाली होती पिऊ नकोस. बाटली उघडायला तिने कुठे मना केलं होतं? नुसता वास तरी द्यायचा होता रे त्याला.’

माझ्याकडे अशा वेळी फक्त विनोद असतात. त्यांना घरी सोडलं, मेहुणीने दार उघडलं आणि आमच्या तोंडांकडे बघून पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली.

याला आता पाच महिने झाले. साडूंनी पुन्हा ड्रम भरलेला नाही. कपाटातल्या टॉवेलांना नुसता टॉवेलांचाच वास येतो. त्या चार बाटल्या बाकीच्या बाटल्यांबरोबर गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये तशाच आहेत. त्यांच्यातला वास आता उडाला असेल असं साडूच सांगतात, पण उघडून बघत नाहीत.